ट्रायबन आरसी ५२०: डांबरावरून मुरमावर नेताना

डेकॅथलॉनने ट्रायबन आरसी ५२० विकली ती लांब पल्ल्याची रोड सायकल म्हणून. पण तिच्या फ्रेममध्ये ३६ मि.मी.पर्यंतच्या टायरला जागा आहे, डिस्क ब्रेक आहेत, रिम ट्यूबलेसला, म्हणजे आत ट्यूब नसलेल्या टायरला, चालतात आणि मडगार्ड-कॅरिअर लावायला आटे पाडलेले आहेत. अशा सायकलीला ऑल-रोड म्हणतात. ती मिळायची मात्र २८ मि.मी. टायरवर, आणि त्या टायरवर ती निव्वळ डांबराची सायकल राहते. टायर बदलले आणि ब्रेक नीट लावून घेतले, की आपल्याकडच्या मिश्र रस्त्यांसाठी या किमतीच्या गटात इतकी समजूतदार सायकल क्वचित सापडेल.

ढाचा ॲल्युमिनियमचा, पुढचा चिमटा (फोर्क) कार्बनचा, वजन मधल्या मापाला साधारण साडेदहा किलो. गिअर शिमानो १०५ आर७००० मालिकेचे: पुढे ५० आणि ३४ दातांच्या दोन चकत्या (५०/३४), मागे ११ चकत्यांचा संच, म्हणजे ११ ते ३२ दातांची (११-३२) कॅसेट. बसायची ढब बऱ्यापैकी ताठ आहे. शर्यतीच्या सायकलीसारखं पाठीत वाकावं लागत नाही, त्यामुळे दीड-दोनशे किलोमीटरनंतर मान आणि मनगटं फारशी कुरकुरत नाहीत. वाऱ्याविरुद्ध त्याचा तोटा होतो, पण ड्रॉप्समध्ये, म्हणजे हँडलच्या खाली वळलेल्या भागात, हात घातले की तो बराच भरून निघतो.

आधी डांबर आणि काँक्रीट. आता गावोगावी काँक्रीटचे रस्ते झालेत आणि त्यांवर साधारण साडेचार मीटरला एक आडवा सांधा येतो. ताशी २७ किलोमीटर वेगात दर ०.६ सेकंदाला एक ठोका बसतो. २८ मि.मी. टायरमध्ये ८० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा असेल तर तो ठोका थेट बुडाला आणि तळहाताला लागतो. ३५ मि.मी. टायरमध्ये ४५ पीएसआयवर तोच सांधा नुसता ऐकू येतो. आडव्यापेक्षा उभा सांधा धोक्याचा. दोन पट्ट्यांमधली फट कुठे कुठे बोटभर रुंद असते आणि अरुंद टायर तिच्यात अडकून माणूस पडतो. ३५ मि.मी. टायर सहसा वरून निघून जातो. तरी फट ओलांडायची ती तिरकी, तिच्या रेषेत चाक ठेवून कधीच नाही.

रुंद टायरचा सगळ्यात मोठा उपयोग साइडपट्टीवर. राज्यमार्गावर समोरून ट्रक ओव्हरटेक करत आला की सायकलवाल्याला डांबर सोडावंच लागतं. तिथे डांबराची कड आणि मुरूम यांत दोन-तीन इंचांची पायरी असते. उतरताना बुड खुर्चीवरून किंचित उचला, कोपर सैल सोडा, ब्रेक सोडून द्या. चढताना कडेला समांतर राहून हळूहळू चढायचा प्रयत्न केला तर पुढचं चाक कडेला घासत राहतं आणि हँडल हातातून जातं. वेग कमी करा, थोडं लांब जा आणि निदान ३०-४० अंशांच्या कोनात कडेवर या. मोठ्या टायरला हे माफ असतं; २८ मि.मी.ला पायरीच्या कडेवर ट्यूब चिमटून दोन भोकांचं पंक्चर होण्याची भीती राहते.

हवेचे आकडे स्वार, सायकल आणि सामान मिळून ८५ किलो धरून सांगतो. ३५ मि.मी. टायर ट्यूबसह: मागे ५० पीएसआय, पुढे ४५. ट्यूबलेस: मागे ४५, पुढे ४०. फक्त डांबरावर जायचं असेल तर दोन्हीकडे ५ वाढवा, कच्च्यावर जास्त जायचं असेल तर ३-४ कमी करा. वजनात दर १० किलोला ४-५ पीएसआयचा फरक धरावा. मुरमाच्या गाडीवाटेवर खड्ड्यात रिम ठक्कन वाजली तर हवा कमी आहे. हँडल थरथरत राहिलं आणि चढावर मागचं चाक जागीच फिरलं तर जास्त आहे. टायरची नक्षी मधोमध जवळजवळ सपाट आणि कडांना बारीक गाठींची हवी. पूर्ण गाठीचा टायर डांबरावर घोंघावतो, जड चालतो आणि पैसे फुकट जातात. ३६ मि.मी. ही वरची मर्यादा आहे. काही कंपन्यांचे ३५ चे टायर रुंद रिमवर ३७ पर्यंत फुगतात, म्हणून बसवल्यावर फ्रेमच्या दोन्ही बाजूंना किमान ४ मि.मी. फट राहते का ते बघा. मडगार्ड लावायचे असतील तर ३२ च्या आत राहणं शहाणपणाचं.

बाभळीच्या काट्यांच्या मुलखात ट्यूबलेस करणं हा चैनीचा प्रश्न नाही. रिमला टेप नीट, सुरकुती न पडता चिकटवा. व्हॉल्व्हचा गाभा काढून हवा भरा, म्हणजे टायरची कड पटकन बसते. कडेला साबणाचं पाणी लावलं की साध्या उभ्या पंपानेही काम होतं. मग ३५ मि.मी.च्या प्रत्येक टायरमध्ये ६० मि.लि. सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारा द्रव. मार्च ते मे या काळात ते झपाट्याने सुकतं, दोन महिन्यांनी तपासून ३० मि.लि. वर घालावं. एक गोष्ट नेहमी विसरली जाते. ट्यूबलेस टायरमध्ये पाच-सात काटे रुतून बसलेले असतात आणि सीलंटमुळे ते कळतच नाहीत. रस्त्यात टायर मोठा फाटला आणि तुम्ही जवळची ट्यूब घातली, तर तेच काटे ट्यूबला भोकं पाडतात. म्हणून ट्यूब घालण्याआधी टायर आतून कापड फिरवून चाचपायचा आणि प्रत्येक काटा चिमट्याने काढायचा. महामार्गाच्या कडेला फुटलेल्या ट्रक-टायरच्या बारीक तारा पडलेल्या असतात, त्याही अशाच सापडतात. त्या बोटांनी निघत नाहीत, तेव्हा लहान चिमटा पिशवीत हवाच.

आता ब्रेक. या सायकलीबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. तिच्यावर टीआरपी कंपनीचे हाय-रोड डिस्क ब्रेक यायचे. लिव्हरपासून कॅलिपरपर्यंत (चाकाजवळचा, पॅड दाबणारा भाग) साधी केबल आणि कॅलिपरच्या आत तेलाची व्यवस्था, असा हा संकर. ‘ब्रेक मऊ लागतो’ अशी तक्रार आली की सायकल दुकानात बहुतेक वेळा केबलचा ॲडजस्टर फिरवून ताण वाढवला जातो. तेवढ्यापुरता ब्रेक कडक लागतो आणि खरी गडबड तिथून सुरू होते. तेलाची टाकी आणि पिस्टनची नळी यांच्यामध्ये एक बारीक वाट आहे. केबल ओढते तो कॅलिपरचा दांडा पूर्ण मागे टेकलेला असेल तेव्हाच ती उघडी राहते. केबल आधीपासून ताणली की दांडा थोडा पुढे राहतो आणि वाट बंद. मग पॅड झिजले तरी तेल खाली येत नाही, झीज आपोआप भरून निघत नाही, लिव्हर हँडलपर्यंत जाऊ लागतो. उलट ताम्हिणी किंवा वरंधा घाट उतरताना तेल तापून फुगलं तर त्याला परत टाकीत जायला जागा नसते. पॅड रोटरला (चाकावरच्या ब्रेकच्या चकतीला) घासत राहतात आणि आणखी तापतात.

योग्य क्रम असा. केबलचा बोल्ट सैल करा. ॲडजस्टर पूर्ण आत फिरवा. कॅलिपरच्या दांड्याजवळ हाताने फिरवायचा लॉक-स्क्रू असतो, तो आत फिरवून दांडा मागच्या स्थितीत जखडा. केबल हाताने ओढा. ढिलाई गेली की पुरे, पक्कड लावून ताणू नका. बोल्ट आवळा आणि मग लॉक-स्क्रू उलटा फिरवून दांडा पूर्ण मोकळा करा. हे शेवटचं पाऊल राहिलं तर ब्रेक लागणारच नाही, तेव्हा जागेवरच लिव्हर दाबून खात्री करा. एवढं करूनही लिव्हरची सुरुवातीची चाल लांब वाटते, कारण ती या रचनेतच आहे. त्यावर उपाय केबलच्या बाहेरच्या नळीत आहे: दाबाखाली न आकसणारी ब्रेक-नळी घाला. मागच्या ब्रेकला फरक चटकन जाणवतो, कारण तिथली नळी लांब असते. नवीन पॅड घातले की ताशी २५ किलोमीटरवरून चालण्याच्या वेगापर्यंत असं वीसेक वेळा ब्रेक लावून ते बसवून घ्या. पॅडचा घासणारा थर १ मि.मी.वर आला की बदला. पावसाळ्यात घाटांत मऊ रेझिनचे पॅड भराभर संपतात.

गिअरबद्दल फार सांगण्यासारखं नाही, १०५ अचूक चालतात. दोन सूचना मात्र. ३४/३२ च्या सर्वांत हलक्या गिअरमध्ये मिनिटाला ७० फेऱ्या मारल्या तर वेग ताशी साडेनऊ-पावणेदहा किलोमीटर होतो. सिंहगडाच्या चढावर किंवा सामान लादून घाट चढताना बहुतेकांना एवढा वेग टिकवता येत नाही आणि गुडघ्यांवर जोर येतो. मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) लांब पिंजऱ्याचा असेल तर ११-३४ कॅसेट बसते. शिमानोची अकरा गिअरची ११-३४ कॅसेट रोडच्या ११-स्पीड हबवर बसवताना आत १.८५ मि.मी. जाडीची स्पेसर-रिंग घालावी लागते. ती राहिली तर कॅसेट आवळूनही डुलते. चेनही पुढची मोठी चकती आणि मागची मोठी चकती या जोडीवर पुरते का ते तपासून घ्या. दुसरी सूचना: या पिढीच्या लिव्हरमध्ये मागच्या गिअरची केबल आतल्या वळणावर तुटत जाते. गिअर अडखळायला लागले की ॲडजस्टरशी खेळण्याआधी लिव्हरवरचं रबरी आवरण (हूड) उलटून केबल बघा. तुटलेले तंतू आत अडकले तर काढायला तास-दोन तास जातात. तीन-चार हजार किलोमीटरला केबल बदलणं स्वस्त पडतं.

कच्च्यावर तिची मर्यादा कुठे? दाबलेला मुरूम, कालव्याकडेचा सेवारस्ता, सुकलेली पांदण, कोकणातला जांभ्याचा कोरडा रस्ता इथे ३५ मि.मी.वर ती आनंदाने चालते, ताशी १६-२० वेग सहज राहतो. नुकतीच पसरलेली, रोलर न फिरलेली खडी आली तर उतरून चाला. सुट्या ४० मि.मी. खडीत पुढचं चाक रुततं आणि फुटलेल्या दगडाची धार टायरची बाजू कापते. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरतं, तिथे ब्रेक सरळ रेषेतच आणि मुख्यतः मागचा. काळ्या मातीत पावसात मुळीच नेऊ नका. शंभर मीटरमध्ये माती टायर आणि फ्रेममध्ये गच्च भरते, चाक फिरायचं थांबतं आणि रेटलं तर फ्रेमचा रंग खरवडून निघतो.

जुनी घेत असाल तर सीटपोस्ट (सीटचा दांडा) वर-खाली हलतो का ते आधी पाहा. घाम झिरपून तो ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये जाम झालेला असू शकतो आणि तो काढताना फ्रेम जायची भीती असते. रोटरची जाडी १.५ मि.मी.च्या खाली असेल, चेनची झीज मोजणारी चेन-मापी ०.५ च्या पुढे उतरत असेल, तर तेवढे पैसे किमतीतून कमी करायला सांगा. शेवटी दोन्ही चाकं उचलून फिरवा आणि ब्रेक एकदा दाबून सोडा. सोडल्यावर कॅलिपरचा दांडा पूर्ण मागे टेकला नाही तर केबल ताणलेली आहे. टेकूनही चाक घासत असेल तर कॅलिपर सरळ बसवून पाहा. तरीही नाही सुटलं तर आतला पिस्टन चिकटलेला असण्याची शक्यता जास्त.