‘मराठी कॉमेंट्री’च्या नादात १९,९९७ रुपये गेले

२००८ साली मी अकरावीला लातूरला खोली करून राहायचो. लातूर पॅटर्नचा अभ्यास किती झाला ते जाऊ द्या, पण क्लासच्या मागच्या गल्लीत गेम पार्लरमध्ये तासाला २० रुपये देऊन पीईएस ६ ही कोनामी कंपनीची फुटबॉलची व्हिडिओ गेम खेळण्यात कधी खंड पडला नाही. इंटर मिलानची टीम घ्यायची, तिच्यातल्या ब्राझीलच्या आद्रियानोच्या डाव्या पायावर बॉल आणायचा आणि चौकोनाचं बटण दाबून धरायचं. त्याच्या शॉट पॉवरचा आकडा ९९. गोलकीपर नुसता बघत राहायचा.

गेल्या दिवाळीत मोबाइलवर एक जाहिरात आली. तीच गेम, तोच आद्रियानो आणि वर मराठी कॉमेंट्री! ‘आला रे आला, आता हाणतोय बघा,’ असं कुणीतरी घसा ताणून ओरडत होतं. जाहिरात टाकणाऱ्या चॅनलवर मेसेज केला, ‘भाऊ, चालेल ना माझ्या फोनवर?’ लगेच उत्तर, ‘चालेल दादा, फक्त ९९ रुपये.’ क्यूआर स्कॅन केला, पैसे गेले, फाइल आली. फाइल होती ४३ एमबीची.

मी तिथंच थांबायला पाहिजे होतं. पार्लरमधली गेम पीएस-टूच्या, म्हणजे टीव्हीला जोडायच्या सोनीच्या गेमयंत्राच्या, डीव्हीडीवर असायची. एका डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात. ती अख्खी गेम, वर कॉमेंट्री, ४३ एमबीत कशी बसेल? पण डोक्यात आद्रियानो बसला होता. शिवाय कोनामीनं टीव्हीवरची ती पीईएस ६ अँड्रॉइडसाठी कधी काढलीच नाही, हे मला फसल्यावर कळलं. कंपनीनं २०२१ मध्ये त्या मालिकेचं नावच ईफुटबॉल केलं. ती मोबाइलवर फुकट मिळते.

ॲप टाकताना फोननं ‘अनोळखी ठिकाणचं ॲप आहे’ म्हणून अडवलं होतं. मी सेटिंगमध्ये जाऊन स्वतःच्या हातानं वाट मोकळी करून दिली. मग ॲपनं मेसेज वाचायची परवानगी मागितली, नोटिफिकेशनची मागितली. फुटबॉलला माझे मेसेज कशाला लागतात, हा प्रश्न त्या वेळी पडला नाही. शेवटी एक पान आलं : ‘वय तपासण्यासाठी १ रुपया भरा.’ कार्ड नंबर, मुदत, मागचे तीन आकडे, सगळं भरलं. पडद्यावर ‘डेटा उतरतोय, ३७ टक्के’ आलं आणि ते तिथंच अडकलं. मी फोन चार्जिंगला लावून झोपलो.

रात्री सव्वा ते दीडच्या दरम्यान तीन व्यवहार झाले : ९,९९९, ४,९९९ आणि ४,९९९. ओटीपी माझ्याच फोनवर आले, ॲपनं वाचले, पुढं पाठवले. मला आवाजसुद्धा आला नाही. खात्यात आडतीवरून आलेली अण्णांची सोयाबीनची पट्टी होती. सकाळी बियाण्याच्या उधारीचे पैसे द्यायला गेलो तेव्हा कळलं.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला तेव्हा सकाळचे साडेदहा झाले होते, म्हणजे नऊ तास वाया गेलेले. आधी चुलतभावाला विचारलं, मग मित्राला, मग बँकेत रांगेत उभा राहिलो. आधी १९३० लावायला पाहिजे होता, कारण पैसा एका खात्यातून दुसऱ्यात पळायच्या आत तो गोठवता येतो. माझ्या बाबतीत शेवटचे ४,९९९ होल्डला पडलेत, बाकीचे गेले. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार टाकली, पोचपावती क्रमांक ठाण्यात दिला. बँकेचं म्हणणं, ‘कार्डाची माहिती तुम्हीच दिलीत.’ राग आला, पण खोटं कुठं बोलत होते?

जुन्या गेम खेळायच्याच असतील तर पीपीएसएसपीपी नावाचा इम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्रावरच्या गेम मोबाइलवर चालवणारं ॲप, प्ले स्टोअरवर फुकट आहे. त्यावर पीएस-टूच्या नाही, पण पीएसपी या सोनीच्या हातात धरायच्या गेमयंत्राच्या गेम चालतात. तो ना मेसेज वाचतो, ना ओटीपी. गेम मात्र तुमच्याकडच्या डिस्कवरून घ्यावी लागते. इम्युलेटरसोबत गेम मिळत नाही, त्यामुळं ‘दोन्ही मिळून ९९’ म्हणणारा दिसला की पुढं जाऊ नका.

त्या चॅनलचं नाव आता बदललंय. परवा धाकट्या भाच्यानं ‘मामा, हे बघा’ म्हणत फोन पुढं केला : क्रिकेट ०७, मराठी कॉमेंट्रीसह, ९९ रुपये. आवाज ऐकताच ओळखला. ‘आला रे आला, आता हाणतोय बघा.’