सैल दगड पाडायचे, की जाळी बांधायची? कटिंगखालच्या वस्तीसाठी आणि रस्त्यासाठी तुलना

डोंगर कापून केलेल्या रस्त्यावर किंवा कटिंगला लागून असलेल्या वस्तीवर दगड यायला लागले की दोन सूचना लगेच पुढे येतात: वरचे सैल दगड पाडून टाका, नाहीतर मुंबई-पुणे एक्सप्रेसवेसारखी जाळी मारा. पैसे एकाच कामापुरते असतात आणि पावसाळा तोंडावर असतो. माझं मत आधीच सांगतो. सैल दगड काढणं हे पहिलं काम आहे, आणि त्याशिवाय पुढचं कोणतंही काम धड होत नाही. पण पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी तेच काम पुन्हा करायला माणूस आणि पैसा असणार नसेल, तर केवळ त्याच्यावर भिस्त ठेवू नये.

त्याआधी एक गोष्ट तपासून घ्या. वरून येतंय ते दगड आहेत की माती? ३० जुलै २०१४ ला माळीण, २२ जुलै २०२१ ला तळीये आणि १९ जुलै २०२३ ला इर्शाळवाडी गाडली गेली, तेव्हा पाण्याने जड झालेला उताराचा मोठा भाग खाली आला होता. अशा उतारावर पहारीने दगड काढून काही साधत नाही, आणि जाळीही तो भार धरू शकत नाही. तिथे पाण्याचा निचरा आणि गरज पडली तर स्थलांतर, एवढेच खरे पर्याय. उतारावर नव्या भेगा पडल्या असतील, झाडं किंवा विजेचे खांब कलले असतील, विहिरीचं वा झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं असेल, तर ही तुलना बाजूला ठेवा आणि आधी माणसं हलवा. पुढचं सगळं लिहिलं आहे ते सुट्या दगडांबद्दल.

सह्याद्रीत सुटे दगड का येतात, हे कळलं की निवड सोपी होते. आपला काळा पाषाण थरांवर थर साचून झालेला आहे. दोन कठीण थरांमध्ये बऱ्याचदा तांबड्या, मातकट, मऊ दगडाचा पातळ थर असतो. पावसाने तो झिजत आत जातो आणि वरचा कठीण थर छज्ज्यासारखा बाहेर लोंबत राहतो. त्यात उभ्या भेगा असतात. भेगेत पाणी शिरतं, पिंपळ-वडाची मुळं शिरतात, आणि एका पावसाळ्यात तो तुकडा सुटतो. एक घनमीटर काळा दगड साधारण २.८ टनांचा भरतो. २० मीटर उंचीवरून थेट पडला तर जमिनीशी येताना त्याचा वेग ताशी ७० किलोमीटरच्या आसपास असतो.

दगड काढणं

हे काम वरून खाली करत यायचं असतं. माणूस दोन स्वतंत्र दोरांवर, दोन वेगळ्या खुंट्यांना बांधलेला असतो. तो दगडाच्या खाली कधीच उभा राहत नाही, बाजूला किंवा वर राहून पहारीने ठोकून बघतो. घट्ट दगड खणखणीत वाजतो, सुटलेला बद्द वाजतो. पहारीने हलतो तो पाडायचा. जड असेल तर भेगेत हवेची पिशवी किंवा जॅक घालून ढकलायचा. सुरुंग मात्र शक्यतो नको, कारण एका दगडासाठी मागच्या चार दगडांच्या भेगा रुंदावतात. भोकं पाडून त्यात फुगणारी पावडर भरली की दगड आवाज न करता तडकतो. वेळ लागतो, पण मागचा कडा शाबूत राहतो.

याचे फायदे खरे आहेत. साहित्य कमी लागतं, काम दिवसांत होतं, आणि धोका उतारावरून प्रत्यक्ष कमी होतो. तोटेही तितकेच खरे आहेत. काम चालू असताना खालचा रस्ता बंद ठेवावा लागतो, घरं रिकामी करावी लागतात. एखादा दगड वरच्या चारांना टेकू देत असेल तर तो काढल्यावर सगळेच सुटतात. म्हणून कुठे थांबायचं हे ठरवायला अनुभवी माणूसच हवा. कडा सारखा उलगडतच राहिला तर पाडणं थांबवून उरलेला भाग बांधून घ्यायचा असतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मऊ थर झिजायचा थांबत नाही. काही पावसाळ्यांनी नवे दगड सैल होतातच.

म्हणूनच ही पद्धत कुठे टिकली ते बघावं. बोरघाटात १८६३ पासून रेल्वे धावते आहे. मध्य रेल्वेची हिल गँग पावसाळ्याआधी कडे चढून सैल दगड हेरते आणि पाडते, ते उचलायला बोल्डर स्पेशल गाडी असते. पगारावरची माणसं, तोच डोंगर, दरवर्षी. यात कडा ओळखीचा होतो. गेल्या वर्षीची भेग यंदा बोटभर रुंदावली, हे त्याच माणसाला दिसतं. तरीही रेल्वेने तेवढ्यावर न थांबता जाळ्या, दगड अडवणारी कुंपणं आणि बोगद्यांची वाढवलेली तोंडं यांची जोड दिली आहे.

रस्त्याच्या किंवा ग्रामपंचायतीच्या कामात असा कायमचा गट नसतो. एकदा टेंडर निघतं, ठेकेदार दगड पाडतो, बिल निघतं आणि कडा विसरला जातो. जुलै २०१५ मध्ये आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळून एक्सप्रेसवेवर जीव गेले, त्यानंतर घाटात दगड काढण्याची आणि जाळ्यांची मोठी कामं झाली. २३ जुलै २०२३ ला आडोशीजवळच पुन्हा दरड आली आणि ब्लॉक घेऊन, म्हणजे ठरावीक वेळ वाहतूक बंद ठेवून, सैल भाग काढावा लागला. एका वेळच्या कामावर कायमचा विश्वास टाकता येत नाही.

जाळी

जाळी दगड सुटू नये म्हणून असते, असा समज आहे. वरून नुसती सोडलेली जाळी दगडाला सुटण्यापासून रोखत नाही; तो उसळी न घेता कड्याला चिकटून पायथ्याशी उतरावा, एवढंच तिचं काम. दगड जागेवर धरायचा असेल तर जाळी खडकात सळ्या पुरून ताणून बसवावी लागते, आणि ते काम बरंच महाग पडतं. साधी षटकोनी जाळी लहान-मध्यम दगडांसाठी ठीक. मीटरभराच्या दगडाला ती पुरत नाही, तिथे तारदोरांचं किंवा एकमेकींत गुंफलेल्या पोलादी कड्यांचं जाळं लागतं.

न साफ केलेल्या कड्यावर जाळी मारली तर सैल दगड आतच सुटून तिच्या पोटात साचतात, आणि एके दिवशी फाटलेल्या जाळीतून सगळे एकदम येतात. म्हणजे जाळी निवडली तरी दगड काढण्याचा खर्च चुकत नाही. कोकणपट्टीत आणि गोव्यात खाऱ्या हवेने तार लवकर गंजते. जस्त-ॲल्युमिनियमचा थर आणि त्यावर पीव्हीसी असलेलीच तार मागा.

बाकीचे पर्याय

पाडण्याजोगा नसलेला मोठा दगड रॉक बोल्टने, म्हणजे खडकात खोल रोवलेल्या पोलादी सळईने, मागच्या घट्ट खडकाला शिवता येतो. मऊ थरावर शॉटक्रीट (दाबाने फवारलेलं काँक्रीट) मारलं तर झीज थांबते, पण पाण्याला भोकं ठेवली नाहीत तर मागे पाणी साचून तोच थर निघून येतो. घरांच्या वरच्या बाजूला लवचिक कुंपण चांगलं, मात्र दगड अडवताना ते काही मीटर पुढे ताणलं जातं, तेवढी मोकळी जागा हवी. एकदा दणका बसला की त्याचे भाग बदलावेही लागतात.

मला सगळ्यात दुर्लक्षित वाटतो तो पायथ्याचा चर. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याच्या महामार्ग विभागातले आर्थर रिची यांनी १९६३ मध्ये उतारांवरून दगड सोडून दाखवून दिलं की तीव्र कड्यावरून दगड सरळ पडतो, मध्यम उतारावर उसळ्या घेतो आणि सौम्य उतारावर गडगडतो. त्यावरून चर किती रुंद आणि खोल हवा हे ठरवता येतं. आपल्याकडे रस्ता रुंद करताना पहिला बळी याच जागेचा जातो. कोकण रेल्वेवर २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ रुळांवर दरड आल्याने गाडी घसरून ५०हून अधिक माणसं गेली, पुढच्याच जूनमध्ये करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेसला अपघात झाला. त्यानंतर तिथे जाळ्यांच्या बरोबरीने कटिंग रुंद केली गेली, ढाळ कमी केले गेले आणि पावसाळ्यात गाड्यांचा वेग उतरवला गेला. दगड पडला तरी त्याला रुळाबाहेर थांबायला जागा मिळावी, हा त्यातला विचार मला पटतो.

मग निवड कशी करायची

पायथ्याशी पाच-सात मीटर मोकळी जागा असेल आणि कडा फार उंच नसेल, तर दगड काढा, चर खोदा आणि जाळीचे पैसे वाचवा. घरं किंवा शाळा कड्याला भिडलेली असतील, तर दगड काढून लगेच ताणलेली जाळी, आणि ती होईपर्यंत पावसाळ्यात मुलं तिथे बसवू नयेत. दगड मोटारीएवढा असेल, तर कोणी काहीही सांगितलं तरी पहार लावण्याआधी भूवैज्ञानिकाला दाखवा. रस्ता वर्दळीचा असेल तर मार्च ते मे या काळात ब्लॉक मिळेल का, हे टेंडरआधी ठरवा. भर पावसात माणूस दोरावर चढवू नये.

कंत्राटात पुढच्या तीन पावसाळ्यांपैकी प्रत्येकानंतरची, नोव्हेंबरमधली तपासणी आणि सापडलेले सैल दगड काढण्याचं काम त्याच रकमेत लिहून घ्या. चर आणि जाळीच्या पायथ्याशी साचलेला दगड उचलायचा कोणी, हेही नावानिशी लिहा. भरलेल्या चरावर पडलेला दगड थेट रस्त्यावर उसळतो.