चाकांवर आलेलं घर आणि लिलावातली जमीन : दीड वर्षानंतरचा हिशेब

आधी आकडा सांगतो, म्हणजे घाईत असलेले इथूनच परत फिरतील. जमीन आणि घर मिळून मी १४,७०० डॉलर मोजले. भाडेकरूच्या हातात किल्ली दिली त्या दिवशी खर्चाची वही ४४,०४० वर पोचली होती. मधल्या २९ हजारांबद्दल अशा स्वस्त जमीन-घराची गणितं सांगणारे यूट्यूबवरचे लोक बोलत नाहीत. म्हणून हे लांबलचक लिहितोय.

मी ह्यूस्टनच्या पश्चिमेला केटीमध्ये राहतो. नोकरी आयटीची, हातोडीशी संबंध भिंतीवर कॅलेंडर टांगण्यापुरता. २०२३ मध्ये गृहकर्जाचं व्याज सात टक्क्यांच्या वर गेलं आणि भाड्याने द्यायला साधं घर घ्यायचा बेत कोलमडला. तेव्हा डोक्यात हे खूळ शिरलं : करबुडवीत जप्त झालेला लॉट, म्हणजे प्लॉट, लिलावात घ्यायचा, त्यावर जुनं मोबाइल होम (कारखान्यात बांधून चाकांवर ओढत आणतात ते घर) आणून ठेवायचं, भाड्याने द्यायचं. कर्ज नाही, बँक नाही.

टेक्ससमध्ये मालमत्ता कर थकला की काउंटी (इथला जिल्हा) आणि शाळेचा डिस्ट्रिक्ट दावा लावतात, निकाल घेतात, आणि शेरीफ किंवा कॉन्स्टेबल महिन्याच्या पहिल्या मंगळवारी त्या जमिनीचा लिलाव करतो. काही काउंट्यांमध्ये हे आता ऑनलाइन चालतं, पण लेक लिव्हिंगस्टनच्या बाजूच्या ज्या छोट्या काउंटीत मी गेलो तिथे अजून कोर्टाच्या दारात उभं राहून बोली लावतात. बोली लावणाऱ्याकडे आपला स्वतःचा कर थकलेला नाही असा दाखला लागतो. १ ऑगस्ट २०२३ ला मी तो दाखला घडी करून खिशात ठेवून गेलो आणि ६० बाय ११० फुटांचा लॉट ३,८०० ला घेतला. आपल्या हिशेबाने सहा गुंठे. परतताना गाडीत मी स्वतःला जमीनदार समजत होतो.

दुसऱ्याच आठवड्यात ९०० डॉलर देऊन झाडोरा साफ करून घेतला. ही पहिली चूक. टेक्ससमध्ये अशा लॉटच्या मूळ मालकाला १८० दिवसांत जमीन सोडवून घेण्याचा हक्क असतो. राहतं घर किंवा शेतजमीन असेल तर दोन वर्षं. डिसेंबरात मालकाने पैसे भरले. माझी बोली, नोंदणीचा खर्च आणि वर २५ टक्के अधिभार, म्हणजे साडेनऊशे डॉलर. कागदावर झकास. पण जमीन सांभाळण्याचा खर्च परत मिळतो, सुधारण्याचा नाही. साफसफाईचे ९०० गेले ते गेलेच. पाच महिन्यांत नफा पन्नास डॉलर, त्यात पेट्रोल धरलेलं नाही.

एक सांगायला हवं. लिलावाच्या दिवशी कडेला एक माणूस हाताची घडी घालून उभा होता. बोली न लावता नुसता ऐकत होता. यादीतली कुठली जमीन त्याची होती ते कळलं नाही, पण त्याची काहीतरी होती हे दिसत होतं. माझा लॉट सुटला तेव्हा पन्नास डॉलरपेक्षा त्याचं बरं वाटलं. बायको म्हणाली, "बरं झालं, दुसऱ्याच्या टाळूवरचं लोणी पचलं नसतं." मी पुढच्या महिन्याची यादी उघडून बसलोच होतो, ती गोष्ट वेगळी.

आणि तो लॉट माझ्याकडे राहिला असता तर मी फसलो असतो, हेही नंतर कळलं. गावाबाहेर ड्रेनेज नसतं, सेप्टिक लागतं. नव्या प्लॉटिंगमध्ये नळाचं पाणी असलं तरी सेप्टिकसाठी किमान अर्धा एकर धरतात, म्हणजे आपले वीस गुंठे. जुन्या छोट्या लॉटना सवलत मिळते, पण टाकी, शुद्ध केलेलं सांडपाणी उडवणारा फवारा, शेजाऱ्याची हद्द यांच्यामधली अंतरं बसवावीच लागतात. सहा गुंठ्यांत घर ठेवलं की फवाऱ्याला जागा कुठे?

मग 'स्ट्रक ऑफ' यादीकडे वळलो. लिलावात ज्या जमिनीला गिऱ्हाईक मिळत नाही ती सरकारी संस्थांच्या नावावर जाते आणि नंतर पुन्हा विकली जाते. तिथे १८० दिवसांचं घड्याळ बहुधा आधीच संपलेलं असतं, ही सोय. पण कुणी घेतली नाही याला काही कारण असतं, ते शोधणं आपलं काम. एक लॉट मी जवळजवळ पक्का केला होता. बाबांना सांगलीला फोन करून फोटो दाखवले. ते भूमी अभिलेखात बत्तीस वर्षं होते. त्यांनी झाडं, तळं काही पाहिलं नाही. एकच विचारलं, "वाट कुठून आहे रे?" नकाशा मोठा करून पाहिला. चारही बाजूंनी दुसऱ्यांच्या जमिनी. वहिवाटीचा कागद काउंटी क्लार्ककडे नव्हता. सातबारा नसलेल्या देशात बाबांचा सातबारा कामाला आला.

दुसरा असाच लॉट डीड रिस्ट्रिक्शनमुळे, म्हणजे जमिनीच्या कागदातल्या अटींमुळे, सोडला. इथल्या ग्रामीण काउंट्यांमध्ये झोनिंग (कुठे काय बांधायचं याचे सरकारी नियम) नसतं, म्हणून लोकांना वाटतं काहीही आणून ठेवता येतं. पण सबडिव्हिजन पाडताना चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी लिहिलेल्या अटीत 'मोबाइल होम नको' असं असेल तर ते कर-लिलावानेही पुसलं जात नाही. तिसरा फेमाच्या, म्हणजे केंद्राच्या आपत्ती खात्याच्या, पूर-नकाशात एई या जास्त धोक्याच्या पट्ट्यात होता. २०२४ च्या मे महिन्यात तिथल्या ट्रिनिटी नदीला पूर आला तेव्हा मी मनातल्या मनात त्या नकाशाला नमस्कार केला.

शेवटी जानेवारी २०२४ मध्ये ७,२०० ला साधारण चोवीस गुंठे मिळाले. काउंटीचा रस्ता, समोरून पाण्याची लाईन, पूर-पट्ट्याबाहेर, अटींमध्ये मोबाइल होमला मनाई नाही. निकालानंतरच्या वर्षांचा कर नव्या मालकाला भरावा लागतो, तोही आधी विचारून घेतला होता. या वेळी झाडोऱ्याला हात लावण्याआधी सेप्टिकवाल्याला मातीत खड्डे घ्यायला लावले.

घर फेब्रुवारीत घेतलं. एका मोबाइल होम पार्कमधलं १९९६ चं सिंगल-वाइड (एकाच तुकड्यात येणारं अरुंद घर), ७,५०० रोख. विकणारी बाई जागेचं भाडं वाढलं म्हणून मुलीकडे राहायला निघाली होती. पार्कमध्ये घर आपलं असलं तरी खालची जमीन पार्कची असते. भाडं वाढलं तर घर उचलून न्यायला काही हजार डॉलर लागतात, ते नसले की घर मिळेल त्या किमतीला जातं. घरं स्वस्त मिळतात ती यामुळे.

जाहिरातीत १६ बाय ६६ होतं. मी हिशेब केला, १,०५६ चौरस फूट, जवळपास एक गुंठाभर घर. टेप लावला तर आतून ६२ फूटसुद्धा भरेना. चौकशी केली तेव्हा कळलं की लांबी मोजताना पुढचा ट्रकला जोडायचा लोखंडी दांडा धरतात, साधारण चार फूट. म्हणजे सुपर बिल्ट-अप फक्त आपल्याकडेच नाही.

जुनं घर बघताना सगळ्यात आधी बाहेरच्या भिंतीवरची लाल पत्र्याची छोटी पट्टी शोधायची. १५ जून १९७६ नंतर बांधलेल्या प्रत्येक घराला ती केंद्र सरकारच्या हुड या गृहनिर्माण खात्याच्या नियमानुसार लागते. त्याआधीचं घर असेल तर सरळ पुढे जायचं. मग आत एक कागदी डेटा प्लेट असते. माझ्या घरात ती स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारामागे होती आणि तिच्यावर कुणीतरी फुलाफुलांचा कागद चिकटवला होता. नखाने खरवडून वाचली : विंड झोन १, म्हणजे घर वाऱ्याचा किती जोर सोसेल त्याचा वर्ग. हा आकडा महत्त्वाचा. गॅल्व्हस्टनसारख्या किनारी काउंट्या झोन २ मध्ये येतात, तिथे १ सप्टेंबर १९९७ पासून पुढे बांधलेलं झोन १ चं घर बसवता येत नाही, माझ्या घरासारखं त्याआधीचं चालतं. एका मित्राने किनाऱ्याजवळ लॉट आधी घेऊन ठेवला आणि आता झोन २ चं स्वस्त घर शोधत फिरतोय.

मालकीचा कागद राज्याच्या गृहनिर्माण खात्याकडून मिळतो, स्टेटमेंट ऑफ ओनरशिप. लेबल नंबर टाकला की घरावरच्या कराचा बोजाही दिसतो. मला दिसला, पण पैसे दिल्यानंतर. दोन वर्षांचे १,१४० डॉलर. बाईला फोन केला नाही. शेवटी मीच भरले.

आता मुख्य खर्च. वाहतूक आणि बसवणं ६,८००. एप्रिलमध्ये ठरलं होतं, पावसाने रस्ता चिखल झाला, पुढे पूर, शेवटी जून उजाडला. पुढे 'ओव्हरसाइझ लोड' पाटीची गाडी, मागे माझं घर, आणि त्यामागे मी ताशी तीस मैलांनी. पाइनच्या फांद्या छपरावर घासल्याचा आवाज काच बंद असूनही येत होता. लॉटच्या तोंडाशी नाल्यावर कल्व्हर्ट, म्हणजे मोरीचा पाइप, टाकून खडी पसरली होती, तरी वळताना चाक रुतलं आणि ट्रॅक्टरने ओढावं लागलं. बसवणाऱ्यांनी ब्लॉकवर घर उचललं, जमिनीत स्क्रूसारखे अँकर घातले, पोलादी पट्टे आवळले. दुपारी बघतो तर आस आणि टायर गायब. वाहतूकवाला घेऊन गेला. करारात लिहिलं होतं, मी नंतर वाचलं. बाबा फोनवर म्हणाले, "चाकं गेली ना? आता झालं ते घर."

एअरोबिक सेप्टिक (हवा सोडून सांडपाणी शुद्ध करणारी आणि मग फवारणारी) ९,८००. इथली चिकणमाती पाणी पीत नाही, म्हणून साधी टाकी चालली नाही. पाण्याचं कनेक्शन १,९००, विजेचा खांब आणि मीटर १,४००, साफसफाई, कल्व्हर्ट आणि खडी २,९००. घरात करड्या रंगाची पॉलिब्युटिलीन पाइप होती, १९९५ च्या आसपास बंद झालेली आणि गळण्यासाठी बदनाम. माल उरला होता म्हणून कारखान्याने वापरली असावी. ती काढून पेक्स ही प्लास्टिकची पाइप टाकायला १,१००. घरातलं फ्लोअरिंग, स्कर्टिंग (घराखालची पोकळी झाकणारे पत्रे), पायऱ्या आणि एसी मिळून ४,३००. न्हाणीघराचं फ्लोअरिंग मी स्वतः केलं. भुशाच्या दाबलेल्या फळ्या असतात, पाणी लागलं की भिजलेल्या पावासारख्या फुगतात. कमोड काढला तर खालचा भाग हातात आला. तिथे प्लायवुड बसवायला मला चार रविवार लागले, हे काम येणाऱ्याला एक दिवस लागला असता. बायकोने एवढ्यात कोंबडी आणि मसाल्याची म्हण तीनदा ऐकवली होती.

घर बसून महिना होतोय तोच ८ जुलैला बेरिल वादळ माटागोर्डाजवळ किनाऱ्याला लागून आमच्यावरून वर गेलं. ह्यूस्टन परिसरात वीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली, आमचीही. मी अंधारात बसून त्या रिकाम्या घराचा विचार करत होतो. तिसऱ्या दिवशी हायवे ५९ ने गेलो. वाटेत जागोजाग झाडं कापून कडेला लावलेली. लॉटवर एक पाइन घरापासून अठरा फुटांवर आडवा. स्कर्टिंगचे चार पत्रे शेजाऱ्याच्या कुंपणात. घर जागच्या जागी. पट्टे एकेक हलवून पाहिले, एक सैल झाला होता. त्या दिवशी ६,८०० डॉलर पहिल्यांदा स्वस्त वाटले.

ऑक्टोबरपासून भाडेकरू आहेत, ८५० महिना. कर आणि विमा वजा केला तर वर्षाला आठ हजारांच्या वर उरतात, म्हणजे कागदावर अठरा टक्क्यांच्या पुढे. विम्याला मात्र तीन ठिकाणी घराचं वय ऐकूनच नकार मिळाला, चौथ्याने ११५० ला दिला. त्या अठरा टक्क्यांत माझे दीड वर्षाचे शनिवार-रविवार नाहीत. आणि घराची किंमत वर जाणार नाही, गेली तर जमिनीची जाईल. जमीन आपली असल्यामुळे घर स्थावर म्हणून नोंदवता येतं, ते काम चालू आहे. तेवढ्याने बँक कर्ज देईलच असं नाही, पण विकताना गिऱ्हाईक वाढेल. टायटल कंपनी, म्हणजे मालकी तपासून तिचा विमा देणारी, अजून लिलावाच्या कागदाकडे नाक मुरडते. भाड्याऐवजी हप्त्याने विकावं असं अनेक जण सुचवतात, पण त्याला परवान्याचे नियम आहेत, आणि बारा महिन्यांत एकाहून जास्त घरं विकली तर विक्रेत्याचं लायसन्स लागतं. मी त्या वाटेला गेलो नाही.

पुन्हा करीन का? करीन, पण तासाभराच्या अंतरावर, आणि आधी सेप्टिक, मग वाट, मग कागद, सगळ्यात शेवटी घर या क्रमाने. पुण्या-मुंबईहून पैसे पाठवून दुरून हे करायला निघालेल्यांना माझं सरळ नाही.

गेल्या रविवारी सकाळी भाडेकरूचा फोटो आला, सेप्टिकच्या पेटीवर लाल दिवा. सर्व्हिसवाला सोमवारशिवाय येईना, म्हणून मीच गेलो. वीज बंद करून पेटीचं झाकण उघडलं तर आत लाल मुंग्यांचं वारूळ, कॉन्टॅक्टच्या मधोमध मेलेल्या मुंग्यांचा थर. इकडे हे नेहमीचंच, म्हणे. जुन्या टूथब्रशने साफ केलं, वीज लावली, पंप गुरगुरला, दिवा विझला. हातावर सात चावे. पावणेदोन तास जायला, पावणेदोन यायला, काम अकरा मिनिटांचं.