कम्युनिटी कॉलेजची फुकट लेक्चर्स: आईबाबांना घेऊन जावं का?

अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी लिहितेय, खास करून ज्यांचे आईबाबा किंवा सासूसासरे सहा महिन्यांसाठी येतात आणि तिसऱ्या आठवड्यापासून खिडकीत बसून "इथे रस्त्यावर माणूसच दिसत नाही" सुरू करतात. आमच्या जवळच्या कम्युनिटी कॉलेजात लाइफलाँग लर्निंग आणि वेलबीइंग अशा नावाखाली पब्लिकसाठी फुकट लेक्चर्स असतात, मी त्यांचा एक सीझन ऐकला, बरीचशी लेक्चर्स सासऱ्यांना सोबत घेऊन.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचं सरकारी कॉलेज. इलिनॉयमधलं जोलिएट हे असंच एक कॉलेज १९०१ पासून चालू आहे म्हणजे प्रकार चांगला जुना आहे, आणि पैसा बराचसा लोकांच्या टॅक्समधून येत असल्याने आसपासच्या लोकांना काहीतरी शिकवणं हे कामच समजतात. या लेक्चर्सना परीक्षा नाही, ग्रेड नाही, सर्टिफिकेट पण नाही. फक्त एक लक्षात ठेवा, कॉलेजच्या त्याच कॅटलॉगमध्ये पॉटरी, वॉटरकलर वगैरे पैसे भरून करायचे क्लासेस पण असतात त्यामुळे 'फ्री अँड ओपन टू द पब्लिक' असं लिहिलंय ना ते बघूनच नाव नोंदवा. युनिव्हर्सिट्यांमध्ये ऑशर नावाचे जे लाइफलाँग लर्निंगवाले प्रोग्राम असतात ते वेगळे, तिथे सहसा मेंबरशिप घ्यावी लागते.

आता लेक्चर्स. सगळ्यात भारी झालं ते स्मरणशक्तीवरचं. रिटायर झालेल्या सायकॉलॉजीच्या प्रोफेसर बाई होत्या, दहाएक मिनिटं बोलल्या आणि मग म्हणाल्या वह्या बंद करा, आतापर्यंत मी काय सांगितलं ते कोऱ्या कागदावर लिहा. हॉलमध्ये एकदम शांतता, सगळे पासष्टीच्या पुढचे आणि चेहरे मात्र सरप्राइज टेस्ट लागल्यासारखे. सासऱ्यांनी उभा जन्म बँकेत काढलाय, ते हात आडवा लावून लिहीत होते शेजारचा कॉपी करेल म्हणून! मग बाईंनी एबिंगहाउस नावाचा जर्मन मानसशास्त्रज्ञ सांगितला, १८८५ ची गोष्ट, बिनअर्थाची अक्षरं स्वतःच पाठ करायची आणि स्वतःच किती विसरलो ते मोजायचं, त्यातून त्याला दिसलं की सुरुवातीच्या काही तासांत आपण धडाधड विसरतो आणि नंतर तो वेग मंदावतो. त्यानंतर रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग. काही विद्यार्थ्यांनी उतारा वाचला आणि परत वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर परत वाचणारे पुढे, पण आठवड्याने घेतली तर उलटं झालं, आठवून लिहिणाऱ्यांना साधारण ५६ टक्के आठवलं आणि दुसऱ्यांना ४२. म्हणजे वाचून वाचून जे 'आलं आलं' वाटतं ते फसवं असतं. हे शाळेत असताना कुणीतरी सांगायला हवं होतं यार.

त्याच लेक्चरमध्ये एका काकांनी हात वर करून सांगितलं की मी व्हिज्युअल लर्नर म्हणजे बघून शिकणारा आहे, मला ऐकून कळत नाही. बाईंनी शांतपणे सांगितलं की २००८ मध्ये संशोधकांनी या लर्निंग स्टाइलवाल्या सगळ्या अभ्यासांचा आढावा घेतला आणि तुमच्या स्टाइलप्रमाणे शिकवलं तर जास्त शिकता याला धड पुरावा सापडला नाही. काका नाराज झाले, पण मला हे जाम आवडलं, फुकटचं लेक्चर आहे म्हणून लोकांना गोड वाटेल तेच सांगायचं असं बाईंनी केलं नाही.

आणि इथेच माझी मुख्य तक्रार आहे. नुसतं ऐकून काही टिकत नाही हे ज्या कॉलेजने इतकं छान शिकवलं त्याच कॉलेजात पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या वक्त्याने तासभर स्लाइड्स वाचून दाखवल्या, आमच्याकडे पाठ फिरवून, आणि शेवटी प्रश्नांना पाच मिनिटं. बहुतेक लेक्चर्स अशीच होती. विषय चांगला, माहिती बरोबर, माणूस अभ्यासू, पण ऐकणारा बाहेर पडतो तो "छान होतं हं" एवढंच घेऊन, आणि घरी कुणी विचारलं काय छान होतं तर तोंडाकडे बघत राहतो. मग आम्ही आमचा उपाय काढला, परत येताना गाडीत प्रत्येकाने काहीही न बघता तीन गोष्टी सांगायच्या. सासरे यात इतके तयार झाले की माझ्याच चुका काढायला लागले.

मेंदू आणि म्हातारपण हे लेक्चर वाचून दाखवलेलंच होतं पण आमच्या घरासाठी सगळ्यात कामाचं ठरलं. लॅन्सेट या मेडिकल जर्नलच्या कमिशनचा २०२४ चा रिपोर्ट त्यात होता, डिमेन्शियाला (स्मरणशक्ती आणि विचारशक्ती ढासळत जाते तो आजार) हातभार लावणाऱ्या आणि ज्यांच्यावर काहीतरी करता येतं अशा १४ गोष्टी, त्या सगळ्या सांभाळल्या तर साधारण ४५ टक्के केसेस टळू शकतात किंवा लांबू शकतात असा अंदाज. लहानपणी कमी शिक्षण, बीपी, शुगर, सिगरेट, एकटेपणा हे अपेक्षित होतं, पण कमी ऐकू येणं पण त्यात आहे हे सासऱ्यांना नवीन होतं. नवरा कधीपासून मागे लागलाय कान तपासा म्हणून, तेव्हा "मला सगळं ऐकू येतं, तुम्हीच पुटपुटता" आणि इथे स्लाइडवर दिसलं तर गाडीत बसल्या बसल्या "अपॉइंटमेंट कधी मिळेल?" घरच्यांचं ऐकू येत नाही, स्लाइडचं बरोबर ऐकू येतं. वक्त्याने हेही सांगितलं की २०२२ पासून अमेरिकेत मोठ्या माणसांना सौम्य ते मध्यम त्रासासाठी हिअरिंग एड प्रिस्क्रिप्शनशिवाय घेता येतं, पण आम्ही आधी तपासणीच करायचं ठरवलं.

झोपेवरचं ठीक. सात तास तरी झोपा वगैरे आपल्याला माहीत असतं, पण जुन्या निद्रानाशावर गोळीच्या आधी सीबीटी-आय नावाची, झोपेबद्दलचे विचार आणि सवयी बदलायची थेरपी करावी असं अमेरिकन डॉक्टरांच्या संघटनेनं २०१६ मध्येच सांगितलंय हे नव्हतं माहीत. झोप येत नसेल तर तळमळत पडून न राहता उठून दुसऱ्या खोलीत बसायचं हा त्यातलाच भाग. चालण्यावरचं मजेदार होतं, रोज १०,००० पावलं हा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकताना पुढे आला, संशोधनातून नाही. सासूबाईंचा ६,००० वर मूड जायचा तो आता जात नाही.

आनंदी कसं राहावं हे लेक्चर मात्र टाळा, म्हणजे तसा वक्ता असेल तर टाळा. लाइफ कोच होते, सगळं गुळगुळीत, माणसांच्या आयुष्यावर हार्वर्डच्या १९३८ पासून चाललेल्या अभ्यासाचा दाखला देऊन नाती महत्त्वाची म्हणाले, ते खरंच आहे, पण सुरुवातीला त्यात फक्त पुरुष होते हे अवाक्षरानं बोलले नाहीत, आणि शेवटच्या स्लाइडवर स्वतःच्या पेड कोर्सचा क्यूआर कोड. कॉलेजने हे कसं चालवून घेतलं कळत नाही. फीडबॅक फॉर्मवर मी लिहून आलेय. तुम्ही जाताना वक्त्याची माहिती आधी वाचा, शिकवणारा माणूस आहे की विकणारा ते तिथेच कळतं.

बाकी बारीकसारीक. हॉल थंडगार, मे महिन्यात पण स्वेटर न्या. पार्किंगसाठी व्हिजिटर परमिट लागतं का ते आधी बघा, बिल्डिंगना नावांऐवजी नंबर असतात त्यामुळे पहिल्या वेळी पंधरा मिनिटं हातात ठेवा. आईबाबांना अमेरिकन उच्चार पटकन पकडता येत नसतील तर पुढच्या रांगेत बसवा, आमच्याकडे रेकॉर्डिंग मिळत नाही आणि कॅप्शन एखाद्याच लेक्चरला होत्या, हे खरं तर याच वयाच्या लोकांसाठी सगळ्यात गरजेचं. प्रश्नांच्या वेळी कुणीतरी एक जण प्रश्न म्हणून स्वतःची अख्खी कहाणी सांगतोच, त्याला इलाज नाही. पण नंतर बाहेर कॉफीपाशी लोक थांबतात, तिथे सासऱ्यांना बुद्धिबळ खेळणारे एक आजोबा भेटले आणि आता दर आठवड्याला मला ड्रायव्हरकी करावी लागते.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो स्लाइड्स वाचण्याबद्दल आणि त्या क्यूआर कोडबद्दल. लेक्चर्स बरीचशी दुपारची असतात, नोकरीवाल्यांना जमणं कठीण, संध्याकाळची लवकर भरतात. तरी ऑनलाइन 'फुल' दिसलं म्हणून सोडू नका, फुकट असल्यामुळे नाव नोंदवून न येणारे खूप असतात, आम्ही तसेच जाऊन दारात उभे राहिलो तेव्हा दरवेळी जागा मिळालीये.