सेप्टिक टाकीचा उपसा: पालिकेची गाडी, खासगी टँकर की पावडर?

संडासात पाणी ओतलं की आधी गुडगुड आवाज, मग पाणी वर चढतं आणि सावकाश उतरतं. आमच्याकडे हे सुरू झालं ते नेमकं गणपतीच्या आठ दिवस आधी. टाकी शेवटची कधी उपसली, हे घरात कोणालाच आठवेना. दोन-तीन वर्षांनी उपसावी अशी सरकारी शिफारस आहे, हे नंतर कळलं.

गाडीला फोन करण्याआधी टाकी खरंच भरली आहे का ते बघा. पाण्याने ती कायमच काठोकाठ असते, प्रश्न तळाच्या गाळाचा. लांब बांबूच्या टोकाला जुना पांढरा पंचा घट्ट गुंडाळा, तळाला टेकवून पाच मिनिटं ठेवा आणि हळू वर काढा. पंचा जेवढा काळा, तेवढा गाळ. टाकीच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत आला असेल तर उपसा हवाच. गाळ कमी असूनही पाणी तुंबत असेल तर दोष पाइपात किंवा शोषखड्ड्यात आहे, टँकरचे पैसे वाया जातील. झाकण उघडल्यावर आत डोकावू नका आणि जवळ काडी पेटवू नका, आत मिथेन असतो.

पावडरचं आधी उरकतो, कारण दुकानदार पहिल्यांदा तीच काढून देतो. तिच्यात जिवाणू असतात म्हणे. ते तर आपण रोज फुकट पुरवतोच! वाळू, केस, पॅड आणि प्लास्टिक कुठल्याच पावडरने विरघळत नाहीत. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचंही म्हणणं हेच, की पावडर उपशाची जागा घेऊ शकत नाही. त्यापेक्षा ॲसिड आणि फिनेल कमी ओता, टाकीतले जिवाणू जगतील.

म्हणजे खरी निवड पालिकेची गाडी आणि खासगी टँकर यांच्यातच.

पालिकेचा दर ठरलेला असतो आणि पावती मिळते. शहरात मैला प्रक्रिया केंद्र असेल तर माल तिथे जातो. अडचण एकच, नंबर लागेपर्यंत थांबावं लागतं. वाईकरांना तीही नाही: तिथे २०१८ पासून वेळापत्रकाप्रमाणे गाडी दर तीन वर्षांनी घरोघर येते, खर्च स्वच्छता करातून भागतो. सिन्नरलाही अशीच पद्धत आहे. बाकीच्यांनी पालिकेच्या आरोग्य विभागात अर्ज करायचा आणि वाट बघायची.

खासगीवाला रविवारीही येतो. आमच्याकडे तोच आला, संध्याकाळच्या आत. दर खेपेवर असतो, म्हणून आधी टाकीचं माप काढा. ६ फूट लांब, ४ फूट रुंद, ५ फूट खोल म्हणजे १२० घनफूट, साधारण ३४०० लिटर. चार हजार लिटरच्या टँकरची एक खेप पुरते, दोन सांगितल्या तर का ते विचारा. घर बोळात असेल तर पाइप किती लांब आहे तेही विचारा.

पण आमची चूक दुसरीकडे झाली. त्याने वरचं पाणी ओढलं, टाकी रिकामी दिसली, आम्ही पैसे दिले. तळाचा घट्ट गाळ जागच्या जागी! दुसऱ्या खेपेला आम्ही शहाणे झालो. थोडं पाणी उलटं आत सोडून गाळ ढवळायला लावला, बांबू पुन्हा घालून बघितला आणि मगच पैसे दिले. तळाला इंचभर गाळ राहू द्यावा, तेच पुढचं विरजण. टाकी घासून धुवायची नसते.

माल कुठे टाकणार, या प्रश्नावर पहिला ड्रायव्हर म्हणाला, "ते आम्ही बघतो, साहेब." गाडी ओढ्याकडे वळताना मी गच्चीवरून पाहिली. तेव्हापासून हा प्रश्न भाव ठरायच्या आधी विचारतो.

"खालचं घट्ट आहे, पोरगा उतरवतो" असं कोणी म्हणालं तर त्याला तिथेच थांबवा. टाकीत हायड्रोजन सल्फाइड असतो. तो फार झाला की वासच येईनासा होतो आणि माणूस क्षणात कोसळतो. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवणं गुन्हा आहे. उतरवणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. यात घरमालकही आला.

माझं मत विचाराल तर वैशाखात पालिकेकडे अर्ज टाका, थांबायला वेळ असतो. तुंबलंच असेल तर खासगी. मात्र टाकी प्लास्टिकची असेल तर भर पावसात पूर्ण रिकामी करू नका, जमिनीतलं पाणी तिला वर उचलतं.

आणि झाकण आधी शोधून ठेवा. आमचं मागच्या अंगणातल्या नव्या फरशीखाली गेलं होतं. टँकर दारात उभा आणि गवंडी छिन्नीने फरशी फोडतोय, असा तास गेला. आता तिथे फरशी नाही, तुळशीची कुंडी आहे, उचलता येते.