मालाचा क्लास शोधायला वायपोचं साधन: कुठे विसंबावं, कुठे नाही

जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या, म्हणजे वायपोच्या संकेतस्थळावर ‘मॅड्रिड गुड्स अँड सर्व्हिसेस मॅनेजर’ नावाचं साधन आहे. फुकट आहे आणि खातं न उघडता वापरता येतं. मालाचं नाव टाकलं की तो माल कोणत्या क्लासमध्ये, म्हणजे ट्रेडमार्क नोंदणीच्या कोणत्या वर्गात, बसतो आणि ट्रेडमार्कच्या अर्जात कोणत्या शब्दांत लिहिता येतो, हे समोर येतं. आधीच सांगायचं तर वर्णनाचे शब्द नक्की करायला हे साधन उत्तम आहे, पण क्लास ठरवायला ते एकटं पुरत नाही. अर्जदार बहुधा नेमकं उलट करतात. क्लासचा आकडा इथून उचलतात आणि वर्णन स्वतःच्या मनाने लिहितात. मग ट्रेडमार्क कार्यालयाचं हरकतीचं पत्र येतं ते त्या वर्णनावर.

साधनाच्या मुळाशी नीस वर्गीकरण आहे. १९५७ च्या नीस करारातून आलेल्या या पद्धतीत ४५ क्लास आहेत. १ ते ३४ मालासाठी, ३५ ते ४५ सेवांसाठी. प्रत्येक क्लासला एक शीर्षक, त्याखाली खुलासा आणि मग वस्तूंची वर्णानुक्रमे यादी अशी त्याची रचना आहे. मॅनेजरमध्ये ही यादी आहेच, शिवाय वायपोला मान्य असलेल्या इतर हजारो संज्ञा आहेत. म्हणून मूळ यादीत न सापडणारी वस्तू इथे बऱ्याचदा सापडते.

पण साधन शब्दाला शब्द जुळवून दाखवतं. तुमची वस्तू त्याला दिसत नाही. हे समजून घ्यायला हातमोज्यांइतकं चांगलं उदाहरण नाही. थंडीत किंवा पोशाखाचा भाग म्हणून घालायचे हातमोजे क्लास २५ मध्ये जातात. अपघातापासून हात वाचवणारे, कारखान्यातले हातमोजे क्लास ९ मध्ये. डॉक्टरांचे क्लास १० मध्ये. विजेपासून बचाव करणारे इन्सुलेटिंग हातमोजे क्लास १७ मध्ये. घरकामाचे आणि बागकामाचे क्लास २१ मध्ये. बॉक्सिंगचे क्लास २८ मध्ये. एकाच वस्तूला सहा क्लास, आणि यादीत ते एकाखाली एक दिसतात. पहिल्या ओळीवर क्लिक करून पुढे गेलेला रबरी हातमोज्यांचा उत्पादक कपड्यांच्या क्लासमध्ये नोंदणी घेऊन बसतो. त्याचा माल मात्र रुग्णालयात विकला जात असतो.

म्हणून साधन उघडण्याआधी कागदावर काही गोष्टी लिहून घ्याव्यात. वस्तू कशासाठी आहे? वापरायला तयार आहे की कच्चा माल आहे? सुटी विकली जाते की दुसऱ्या वस्तूचा भाग म्हणून? कोणत्या रूपात विकली जाते, म्हणजे ताजी, वाळवलेली, डाउनलोड करण्याजोगी, छापील? नीस वर्गीकरणाच्या सुरुवातीला जे सर्वसाधारण नियम दिले आहेत ते याच प्रश्नांभोवती फिरतात. तयार माल त्याच्या उपयोगानुसार ठरतो. कच्चा किंवा अर्धवट तयार माल तो कशाचा बनलाय त्यावर ठरतो. सुटा भाग मूळ वस्तूच्या क्लासमध्ये जातो, पण तो एरवी दुसऱ्या कशाला वापरता येत नसेल तरच. एका वस्तूची अनेक कामं असतील तर त्या त्या कामाच्या सगळ्या क्लासमध्ये ती नोंदवता येते. आणि एखादी वस्तू ठेवण्यासाठीच बेतलेली पिशवी किंवा पेटी साधारणपणे त्या वस्तूच्या क्लासमध्ये जाते.

हा शेवटचा नियम पिशव्या विकणाऱ्यांनी नीट लक्षात ठेवावा. हँडबॅग आणि पाठीवरची सॅक क्लास १८ मध्ये, लॅपटॉपच्या मापाने बेतलेली बॅग क्लास ९ मध्ये, गोल्फची बॅग क्लास २८ मध्ये, पॅकिंगसाठीची कागदी किंवा प्लॅस्टिकची पिशवी क्लास १६ मध्ये, तर पॅकिंगचीच पण कापडी असेल तर क्लास २२ मध्ये. खाण्याच्या पदार्थांत रूप आणि मुख्य घटक पाहतात. ताजी फळं क्लास ३१ मध्ये, वाळवलेली किंवा टिकवलेली क्लास २९ मध्ये आणि फळांचा रस क्लास ३२ मध्ये. कॉफी क्लास ३० मध्ये येते, पण दूध मुख्य असलेलं पेय क्लास २९ मध्ये. बटाट्याचे वेफर्स क्लास २९ मध्ये आणि मक्यापासून केलेला कुरकुरीत खाऊ क्लास ३० मध्ये. एकाच कारखान्यातून एकाच नावाने हे दोन्ही निघत असतील तर दोन्ही क्लास घ्यावे लागतात. साबण, शाम्पूच्या बाबतीत औषधी गुणाचा दावा आहे का, एवढंच पाहावं. दावा नसेल तर क्लास ३, असेल तर क्लास ५.

ही उत्तरं मॅनेजरच्या शोधचौकटीतून मिळतील याची खात्री नाही. ती मिळतात वायपोच्याच दुसऱ्या पानावर, नीस वर्गीकरणाच्या प्रकाशनात, प्रत्येक क्लासच्या खुलाशात. तिथे ‘या क्लासमध्ये काय येतं’ याच्याखाली ‘काय येत नाही’ अशी वेगळी यादी असते आणि न येणाऱ्या वस्तूपुढे तिचा खरा क्लास लिहिलेला असतो. हीच यादी आधी वाचावी. मॅनेजरने ती शोधाच्या निकालाशेजारीच दाखवली असती तर निम्मे घोळ जागीच थांबले असते. या साधनाची सगळ्यात मोठी उणीव हीच वाटते.

सॉफ्टवेअरवाल्यांसाठी रूपाचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. डाउनलोड करून घ्यायचं सॉफ्टवेअर हा माल आहे, म्हणून क्लास ९. तेच ब्राउझरमधून वापरायला दिलं तर ती सेवा होते, म्हणून क्लास ४२. गेम डाउनलोड होत असेल तर क्लास ९, डाउनलोड न करता ऑनलाइन खेळायला दिला तर क्लास ४१, आणि खेळण्याचा कन्सोल क्लास २८. छापील पुस्तक क्लास १६ आणि ई-बुक क्लास ९. आज बहुतेक अ‍ॅप डाउनलोडही होतं आणि वेबवरही चालतं, त्यामुळे फक्त क्लास ९ घेणं म्हणजे अर्धं दार उघडं ठेवणं.

नाव गाजलं की त्या नावाची टी-शर्ट, कॉफीचे मग, स्टिकर अशी मर्चंडाइज निघते. तिचे क्लास असे विखुरलेले असतात: टी-शर्ट आणि टोपी २५, कॉफीचा मग २१, स्टिकर आणि पोस्टर १६, की-चेन १४, मोबाइलचं कव्हर ९, टॉवेल २४, खेळणी २८. इथे क्लास शोधण्याआधीचा प्रश्न असा की हा खरोखर विक्रीचा माल आहे की नुसती जाहिरात? युरोपियन न्यायालयाने १५ जानेवारी २००९ रोजी सिल्बरक्वेले विरुद्ध मासेली या प्रकरणात हे स्पष्ट केलं. कपडे विकणाऱ्याने कपड्यांबरोबर त्याच नावाच्या पेयाच्या बाटल्या फुकट दिल्या होत्या. न्यायालय म्हणालं की हा पेयांसाठी ट्रेडमार्कचा खरा वापर नव्हे. फुकट वाटायच्या मगसाठी क्लास २१ घेतला तर शुल्क जातं आणि काही वर्षांनी वापराचा पुरावा मागितला की दाखवायला हाती काही नसतं. टी-शर्टच्या छातीवर मोठ्या अक्षरांत छापलेलं नाव पुष्कळ ठिकाणी नक्षी मानलं जातं. मानेजवळचं लेबल आणि लटकवलेला टॅग हाच ट्रेडमार्कचा भरवशाचा वापर.

क्लास ३५ चं आकर्षण इतकं मोठं आहे की तिथल्या चुका सगळ्यात जास्त. स्वतःच्या मालाची जाहिरात करणं ही सेवा नाही. दुसऱ्यासाठी जाहिरात करणं ही सेवा आहे. किरकोळ विक्रीची सेवा क्लास ३५ मध्ये येते, पण नुसतं ‘किरकोळ विक्री’ लिहिलं तर अनेक कार्यालयं ते नाकारतात. कोणत्या मालाची विक्री, हे लिहावं लागतं. युरोपात त्याच न्यायालयाच्या ७ जुलै २००५ च्या प्रॅक्टिकर निकालापासून तर हा नियमच आहे. आणि क्लास ३५ मधल्या विक्रीसेवेची नोंदणी म्हणजे त्या मालाची नोंदणी नव्हे. स्वतःच्या नावाचे बूट बनवून विकणाऱ्याला क्लास २५ घ्यावाच लागतो.

क्लास पक्का झाला की मॅनेजरचा खरा उपयोग सुरू होतो. शोध त्या क्लासपुरता मर्यादित करायचा आणि आपल्या वस्तूला चपखल बसणारी संज्ञा निवडायची. इथून निवडलेली संज्ञा वायपोला आधीच मान्य असते. मॅड्रिड पद्धतीच्या, म्हणजे एकाच अर्जातून अनेक देशांत नोंदणी मागण्याच्या, आंतरराष्ट्रीय अर्जात याची किंमत कळते. क्लास चुकला तर मॅड्रिड नियमावलीतला नियम १२ लागतो, संज्ञा संदिग्ध असेल तर नियम १३, आणि दोन्हींत मूळ कार्यालयाला, म्हणजे ज्या कार्यालयामार्फत अर्ज गेला त्याला, उत्तरासाठी तीन महिने मिळतात. संदिग्ध संज्ञेवर वेळेत पटणारा प्रस्ताव गेला नाही तर ती तशीच नोंदली जाते, पण ‘वायपोच्या मते ही संज्ञा फार ढोबळ आहे’ असा शेरा तिच्यापुढे लागतो. पुढच्या प्रत्येक देशाचा परीक्षक तो शेरा वाचतो.

साधनातली सगळ्यात मोलाची सोय म्हणजे देशनिहाय तपासणी. निवडलेली यादी पुढे ठेवून, आपण ज्या देशांत जाणार आहोत ते निवडले की कोणती संज्ञा कुठे मान्य होईल आणि कुठे अडेल हे समजतं. ज्या कार्यालयांची माहिती त्यात भरलेली आहे तेवढ्यांपुरतंच हे उत्तर असतं, पण तेवढंही पुष्कळ आहे. अमेरिकेचं कार्यालय याबाबतीत कडक. तिथे ‘कपडे’ एवढं लिहून भागत नाही, कोणते कपडे ते नावानिशी द्यावे लागतं. १८ जानेवारी २०२५ पासून तर तिथे थेट भरलेल्या अर्जात त्यांच्या संज्ञाकोशातले शब्द सोडून स्वतःचे शब्द टाइप केले तर प्रत्येक क्लासमागे जादा शुल्क लागतं. चीनमध्ये आणखी एक पायरी आहे. तिथे प्रत्येक क्लासचे उपगट पाडलेले आहेत. क्लास २५ मध्ये कपडे २५०१ मध्ये, पादत्राणं २५०७ मध्ये, टोप्या २५०८ मध्ये. नुसते कपडे लिहून क्लास २५ घेतला तर त्याच नावाचे बूट दुसरा कोणी नोंदवून जाऊ शकतो.

युरोपियन युनियनच्या बौद्धिक संपदा कार्यालयाचं ‘टीएमक्लास’ हे याच जातीचं दुसरं साधन. तेही फुकट. संज्ञांची झाडासारखी फांदीफांदीची रचना त्यात दिसते, त्यामुळे वस्तूचं नेमकं नाव सुचत नसेल तर मोठ्या गटातून खाली उतरत तिच्यापर्यंत पोचता येतं. नवीन वस्तूसाठी मॅनेजरपेक्षा हे सरस. स्वतः लिहिलेली यादी टाकून ती तपासून घेण्याची सोयही आहे. पण त्यातली सामायिक यादी युरोपियन कार्यालयांनी मान्य केलेली आहे, ती संज्ञा अमेरिकेत किंवा चीनमध्ये चालेलच असं नाही. शोधायला टीएमक्लास आणि पक्कं करायला मॅनेजर, अशी जोडी जमते.

क्लासचं शीर्षक जसंच्या तसं चिकटवणं कोणत्याच साधनाला थांबवता येत नाही. शीर्षक घेतलं की अख्खा क्लास आपला, ही समजूत अजून दिसते. युरोपियन न्यायालयाच्या १९ जून २०१२ च्या ‘आयपी ट्रान्सलेटर’ निकालाने युरोपात सांगितलं की संरक्षणाची व्याप्ती निव्वळ वर्णन वाचून कळेल इतकं ते स्पष्ट आणि नेमकं हवं. ‘यंत्रे’ किंवा ‘दुरुस्ती’ असे शब्द म्हणूनच अडकतात. कसली यंत्रं, कशाची दुरुस्ती? उलट टोकाला जाऊन, कधीच विकणार नाही असा माल शेकड्यांनी भरणंही अंगाशी येतं. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने स्काय विरुद्ध स्कायकिक प्रकरणात अशा अवाजवी रुंद यादीवरून अप्रामाणिक हेतूचा निष्कर्ष निघू शकतो असं ठरवलं.

विरामचिन्हांकडेही लक्ष असू द्या. दोन स्वतंत्र वस्तूंमध्ये अर्धविराम, एकाच वस्तूच्या वर्णनाच्या आत स्वल्पविराम. ‘चामड्याच्या पिशव्या, पट्टे’ असं लिहिलं तर पट्टेही चामड्याचेच की कोणतेही, असा वाद उभा राहतो. ‘म्हणजेच’ हा शब्द यादी बंद करतो, ‘विशेषतः’ नुसतं उदाहरण देतो, आणि ‘इत्यादी’ कुठेच चालत नाही. अर्ज दाखल झाल्यावर यादी कमी करता येते, वाढवता येत नाही. राहिलेल्या वस्तूसाठी नवा अर्ज करावा लागतो आणि त्याला नवी तारीख मिळते.

आणखी एक गैरसमज शोध घेताना महागात पडतो: क्लास वेगळा म्हणजे टक्कर नाही. १९९४ च्या ट्रेडमार्क लॉ ट्रीटी या आंतरराष्ट्रीय कराराच्या कलम ९ मध्येच लिहिलं आहे की एका क्लासमध्ये आहेत म्हणून वस्तू सारख्या ठरत नाहीत आणि वेगळ्या क्लासमध्ये आहेत म्हणून भिन्नही ठरत नाहीत. बिअर क्लास ३२ मध्ये, वाइन क्लास ३३ मध्ये. तरी दोन्ही शेजारच्या फळीवर विकल्या जातात आणि परीक्षक ते पाहतो. म्हणून जुन्या नोंदींचा शोध शेजारच्या क्लासमध्येही घ्यावा.

शेवटी आवृत्ती तपासून घ्या. १ जानेवारी २०२६ पासून नीस वर्गीकरणाची तेरावी आवृत्ती लागू झाली. तिच्यात चष्मे आणि कॉन्टॅक्ट लेन्स क्लास ९ मधून क्लास १० मध्ये गेले, अग्निशमन दलाचे बंब क्लास १२ मध्ये. आधीच्या आंतरराष्ट्रीय नोंदण्यांचे क्लास मात्र आपोआप बदलत नाहीत. चष्म्यांच्या धंद्यातल्या माणसाने नवा अर्ज क्लास १० मध्ये करावा, आणि नावाचा शोध घेताना क्लास ९ सुद्धा चाळावा.