ग्रॅव्हल बाईक, ९ महिने, २,६४० किमी: तुलूझच्या कालव्यावरून आणि लोरागेच्या चिखलातून

मार्चमध्ये ही ग्रॅव्हल बाईक (रोडबाईकसारखीच, पण खडी-मातीवर चालणारी, जाड टायरची सायकल) घेतली, आता नोव्हेंबर संपत आलाय, मीटरवर २,६४० किमी झालेत, म्हणजे आता लिहायला हरकत नाही. पहिल्याच आठवड्यात लिहिलं असतं तर "एकदम मख्खन" एवढंच लिहून मोकळा झालो असतो. ब्रँडचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण पुढे तक्रारी आहेत आणि तसंही एकाच भावात मिळणाऱ्या सगळ्या ग्रॅव्हल बाईक उन्नीस-बीसच असतात. ॲल्युमिनियमची फ्रेम, कार्बनचा फोर्क, केबलवाले डिस्क ब्रेक, पुढे ४० दात्यांची एकच चेनरिंग (पॅडलजवळचं दातेरी चक्र), मागे ११ ते ४२ दात्यांची चक्रं, टायर ४० एमएम. माझं वजन ७८ किलो, हे पुढे हवेच्या प्रेशरसाठी लागणार आहे म्हणून सांगतो.

मी दक्षिण फ्रान्समध्ये तुलूझला असतो, नोकरी विमानांची, इथल्या बऱ्याच मराठी मंडळींसारखी. पुण्यात रोडबाईक होती, सिंहगड बिंहगड सगळं झालेलं. इथे आल्यावर सगळे म्हणाले कानाल द्यु मिदी या जुन्या कालव्यावर जा, सपाट आहे, कुठलीही सायकल चालेल. आणि खरं सांगू का, पहिल्या ५० किमीपुरतं ते बरोबर आहे. तुलूझपासून आविन्योनेच्या आसपासपर्यंत कालव्याच्या काठाने मस्त डांबरी वाट आहे, लहान पोरं, आज्या, कुत्री सगळे असतात, तिथे ग्रॅव्हल बाईक घेऊन जाणं म्हणजे गल्लीत दूध आणायला बुलेट काढण्यातला प्रकार. जिल्हा बदलला, म्हणजे ओद सुरू झाला, की डांबर संपतं आणि मग खडी, माती आणि प्लेन (चिनाराच्या जातीच्या) झाडांची मुळं. ती मुळं वाटेखालून अशी वर आलीयेत की हायब्रिडवर (साध्या शहरी सायकलवर) दहा किमीत मनगटं दुखायला लागतात, मित्राची लागली, तो कास्तेलनोदारीला ट्रेन पकडून घरी गेला.

त्यामुळे पहिली गोष्ट, हवा. दुकानवाल्याने ४ बार प्रेशरने भरून दिली होती आणि मी महिनाभर तशीच चालवली आणि सायकलला शिव्या घातल्या. मग पुढे २.२, मागे २.५ केली आणि सायकल वेगळीच झाली हो! पण ट्यूब होती तोवर मागचं चाक मुळावर आपटून दोनदा पंक्चर, ते सापाने चावल्यासारखी दोन भोकं पडतात ना तसलं. एप्रिलमध्ये ट्यूबलेस केलं. तेव्हापासून रस्त्यात थांबायची वेळ एकदाच आली, सप्टेंबरमध्ये, कारण उन्हाळ्यात आतलं सीलंट (भोक आपोआप बुजवणारा द्रव) वाळून गेलेलं आणि मी बघितलंच नव्हतं. इथे पानं गळायला लागली की शेतकरी ट्रॅक्टरने कुंपणाची झुडपं छाटतात आणि ब्लॅकबेरीच्या काटेरी फांद्या वाटेवरच पडून राहतात, गावाकडच्या बाभळीची आठवण येते. दर तीन महिन्यांनी सीलंट टाका, आळस करू नका.

आता कालव्याबद्दल, कारण मी सायकल घेतली त्यासाठीच. पिएर-पॉल रिके म्हणून मिठाचा कर गोळा करणारा अधिकारी होता, म्हणजे इंजिनियर वगैरे अजिबात नाही, त्याने १६६६ ला चौदाव्या लुईकडून मंजुरी मिळवली आणि तुलूझपासून भूमध्य समुद्राकडे २४० किमीचा कालवा खणायला घेतला. स्वतःचा पैसा घातला, कर्जात बुडाला, आणि १६८० मध्ये गेला. कालवा सुरू झाला १६८१ मध्ये. काही महिन्यांसाठी राहिलं त्याचं बघायचं. लॉकच्या (बोटी वर-खाली नेणाऱ्या पाण्याच्या कप्प्यांच्या) भिंती बघा थांबून, सरळ नाहीत, अंड्यासारख्या फुगलेल्या आहेत, कारण सुरुवातीच्या सरळ भिंती मातीच्या दाबाने आत कोसळल्या म्हणून नंतर अशा वक्र बांधल्या. मी पहिल्या दोन खेपांना हे न बघताच सुसाट गेलो होतो, ॲव्हरेज स्पीड बघत. गाढवपणा.

पण ग्रॅव्हल बाईकची खरी मजा मला कालवा सोडल्यावर कळली. नोरूझला, १८९ मीटरवर, कालव्याचा सगळ्यात उंच भाग आहे, तिथून पाणी एका बाजूला अटलांटिककडे आणि दुसऱ्या बाजूला भूमध्यकडे जातं. उंचावर पाणी आणायचं कुठून हाच तर रिकेचा मोठा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर म्हणजे मोंतान्य नुआर डोंगरातून खणून आणलेले पाट, त्यांना रिगोल म्हणतात. आपल्याकडे शेतात पाट असतो तसाच, फक्त साडेतीनशे वर्षांचा. नोरूझपासून रेव्हेलच्या दिशेने या पाटाच्या काठाकाठाने मातीची पायवाट जाते, झाडांच्या सावलीतून, चढ जवळजवळ नाहीच, कारण पाण्याला उतार लागतो तेवढाच उतार! उलट जाताना तुम्हाला तेवढाच चढ. गाड्या नाहीत, आवाज फक्त टायरखालच्या वाळक्या पानांचा. ४० एमएम टायर, कमी हवा, इथे ही सायकल काय चालते राव. रोडबाईक इथे आणलीच नसती, माउंटन बाईकवर कंटाळलो असतो.

रेव्हेलला लाकडी खांबांचं जुनं बाजाराचं छप्पर आहे, मधोमध घंटेचा मनोरा, १४व्या शतकातलं, आणि शनिवारी तिथे बाजार भरतो. तिथून वर साँ-फेरेओलचं धरण, १६६७ ते १६७२ मध्ये बांधलेलं, तीन समांतर दगडी भिंती आणि मध्ये मातीचा भराव. आजही कालव्याला पाणी तिथून येतं. आणखी वर ले कामाझला गेलात तर डोंगराच्या पोटातून पाट नेलाय, चौदाव्या लुईचा लष्करी इंजिनियर व्होबाँच्या काळातला बोगदा, १२० मीटरच्या आसपास. त्या चढावर मात्र माझी हवा गेली. पुढे ४०, मागे ४२, म्हणजे सगळ्यात हलका गिअरसुद्धा साधारण एकास एक, दोन बॅगा लावलेल्या, खाली सुटे दगड, मागचं चाक नुसतं फिरतंय. उतरलो आणि ढकलली. सामान घेऊन फिरायचं असेल तर ४० घेऊ नका, ३६ किंवा ३८ ची चेनरिंग बसवून घ्या, मी बसवणार आहे.

उतारावर केबलच्या ब्रेकची परीक्षा झाली. कोरड्यात ठीक. ओल्यात, चिखलात, हात दुखेपर्यंत दाबावं लागतं, आणि रेझिनचे पॅड ९०० किमीतच संपले, मग मेटलचे घातले, ते अजून आहेत पण किंचाळतात. गावातून जाताना लोक वळून बघतात.

चिखलाचं नीट सांगतो कारण विकत घेताना कोणी सांगत नाही. लोरागेची, म्हणजे तुलूझच्या आग्नेयेकडच्या शेतीच्या पट्ट्यातली, माती चिकण, ओली झाली की आपल्याकडच्या काळ्या रानासारखीच धरून ठेवते. मार्चमध्ये साँ-पापुलच्या मठाकडे (सुंदर आहे, जुना बेनेडिक्टाइन मठ, खांबांवरची कोरीव कामं जरूर बघा) शॉर्टकट म्हणून गव्हाच्या शेताकडेने घुसलो, दोनशे मीटरमध्ये मडगार्ड आणि टायरमध्ये एवढा चिखल भरला की चाक फिरेना. काडी घेऊन अर्धा तास कोरत बसलो. फ्रेममध्ये ४५ एमएम टायर बसतो असं लिहिलंय, पण मडगार्डसकट ४० सुद्धा घट्टच. आता पाऊस झाला की तीन दिवस शेतवाटा बंद, फक्त खडीचा रस्ता.

आणि वारा. आग्नेयेकडून येणारा, त्याला ओतां म्हणतात, लोक म्हणतात की तो तीन, सहा नाहीतर नऊ दिवस चालतो आणि माणसाला वेडं करतो. मला एका दिवसात केलं. तुलूझहून कास्तेलनोदारी ६५ किमी, पूर्ण समोरून. तिथे पोचल्यावर कासुले खाल्लं, म्हणजे पांढऱ्या घेवड्याचा मांसाबरोबर तासन्‌तास शिजवलेला प्रकार, आणि त्यानंतर सायकल चालवायचा विचार सोडून दिला.

खाण्यापिण्याचं एक सांगून ठेवतो: बारा ते दोन गावं झोपतात, सोमवारी बऱ्याच बेकऱ्या बंद. बाटली भरायची असेल तर स्मशानभूमीत नळ असतो, पिण्याचं आहे का ते पाटीवर बघून घ्या. जुलैमध्ये हे फार लागतं, कारण ओदमध्ये कालव्यावरची प्लेनची झाडं बुरशीच्या रोगामुळे २००६ पासून कापत आणलीयेत आणि मोठ्या पट्ट्यात सावलीच राहिलेली नाही. नवीन रोपं लावलीयेत, पण ती अजून माझ्या खांद्याला लागतात.

ब्राम नावाचं गाव आहे, चर्चभोवती गोल गोल घरं, नकाशात बघितलं तर कांदा कापल्यासारखं. सगळे पुढच्या कार्कासोनच्या किल्ल्याच्या घाईत ते सोडून जातात. १२१० मध्ये कॅथर या ख्रिस्ती पंथाविरुद्धच्या मोहिमेत तिचा सेनापती सिमों द मोंफोरने इथल्या शंभरएक कैद्यांचे डोळे काढले, आणि एकाचा एक डोळा शिल्लक ठेवला, बाकीच्यांना वाट दाखवायला. तिथल्या बाकावर बसून क्रोसाँ खाताना हे फोनवर वाचलं आणि पुढचे पाच किमी काही बोललो नाही, बरोबरचे विचारतायत काय झालं.

कार्कासोनबद्दल काय लिहू, ५२ बुरूज, दुहेरी तटबंदी, १९व्या शतकात व्हिओले-ल-द्युक या वास्तुविशारदाने डागडुजी केलेली. लांबून कालव्याकडून दिसतं तेव्हा थरार आहे. आत गर्दी, दगडी फरशी, सायकल ढकलत न्या. मला लोरागेतली जुनी निळ्या रंगाची गोष्ट जास्त आवडली: इथे पास्तेल नावाच्या रोपाच्या पानांपासून निळा रंग बनायचा, १६व्या शतकात त्यावर तुलूझचे व्यापारी गब्बर झाले, मग कॅथलिक-प्रोटेस्टंट लढाया आणि बाहेरून आलेली नीळ, म्हणजे आपल्याकडून येणारी सुद्धा, यांनी धंदा बसवला. तर म्हटलं, आपलापण हात आहे यात.

राहिलेल्या तक्रारी पटकन. १,४०० किमीला पॅडलच्या आसातून कटकट आवाज सुरू झाला, दुकानात बेअरिंग काढून साफ करून परत बसवलं, सहा आठवड्यांनी परत. सीट बदलली. हँडलची टेप फाटली. चेन २,१०० ला बदलली, धुळीचा दोष. फ्रेमला मात्र बाटलीसाठी तीन जागा आहेत, पुढच्या फोर्कवर सामान लागतं, आणि ट्रेनच्या हूकला अडकवताना उचलायला जमते, ११ किलोच्या जवळपास.

परत घेईन का? हो, पण एक साईझ लहान. ५६ घेतली, ५४ हवी होती, हे मला साँ-फेरेओलच्या उतारावर मान अवघडल्यावर कळलं, आणि तोवर परत करायची मुदत संपलेली. आता छोटा स्टेम (हँडल धरणारा दांडा) लावलाय, चालतंय.